जाहीर आभार

यवत स्टेशनावर सकाळची पुण्याची गाडी जेमतेम दोन मिनिटं थांबते. तेवढ्या वेळात सोजराबाईला सुनेला डब्यात चढवावं लागे. डब्याची पायरी उंच आणि अनिताचे पाय सुजून टम्म झालेले. मग सोजराबाई खाली उभी राहून तिच्या कमरेला खांदा लावायची आणि फुलांचं पोतं टेम्पोत सारावं तशी तिला वर सारायची. वरून कोणी हात द्यायचं, कोणी नुसतं बघायचं. एकदा एक दूधवाला हसत म्हणाला की सासू सुनेला ढकलतेय हे आज पहिल्यांदा उघड्यावर बघितलं. सोजराबाईही हसली. मग जागा मिळाल्यावर तिला जे रडू फुटलं ते लोणी स्टेशन आलं तरी थांबेना.

अनिता एकतीस वर्षांची. पोटुशी असताना रक्तदाब चढला, मूल पोटातच गेलं आणि तिसऱ्या वर्षी दोन्ही किडन्या गेल्या. आता मंगळवारी आणि शुक्रवारी हडपसरला जायचं, चार तास मशीनला हात लावून रक्त धुऊन आणायचं, तरच पुढचे दिवस. उपचार सरकारी योजनेतून फुकट होता. रस्ता मात्र फुकट नव्हता, तो अंगातून वसूल व्हायचा. कासुर्डीच्या शिवारातल्या वस्तीवरून स्टेशन, स्टेशनावरून गाडी, गाडीतून रिक्षा, आणि संध्याकाळी तेच सगळं उलटं. मशीनवरून उठलेल्या माणसात जो काही जीव उरतो तो परतीच्या वाटेवर सांडून जातो. डॉक्टर म्हणायचे, आठवड्यातून तीनदा या. दोनदा येतानाच अनिता मेटाकुटीला यायची.

सोजराबाईचा मुलगा गोकुळ कुरकुंभला एका केमिकल कंपनीत शिफ्टवर होता. सुरुवातीला तो बायकोबरोबर जायचा. खाडे फार झाले तेव्हा सुपरवायझरनं त्याला बाजूला घेऊन नीट समजावलं, आणि नीट समजावणं म्हणजे काय ते कंत्राटी कामगाराला कळतं. तेव्हापासून गोकुळनं मोटरसायकलवर दोघींना सकाळी स्टेशनात सोडायचं आणि संध्याकाळच्या गाडीला आणायला जायचं, मधलं सगळं आईनं बघायचं, असं ठरलं. नवरा वारल्यावर दीड एकरातली शेवंती आणि झेंडू सोजराबाईनं एकटीनं पिकवला होता. तिला वाटलं, हेही होईल.

खरं सांगायचं तर सासूसुनेचं पूर्वी फारसं सूत नव्हतं. अनिताची बोटं हळू चालायची, हार ओवताना ती फूल निवडत बसायची, आणि सोजराबाईला कामात रेंगाळणारं माणूस खपत नसे. नऊ वर्षांत दोघी जेवढ्या बोलल्या नसतील तेवढ्या त्या गाडीत बोलल्या. अनिताला दिवसाला अर्धा लिटरच पाणी. मे महिन्याच्या उन्हात समोरचा प्रवासी बाटली तोंडाला लावायचा तेव्हा ती खिडकीबाहेर बघायची. सोजराबाईनं मग स्वतःही गाडीत पाणी प्यायचं सोडलं. हे तिनं कोणाला सांगितलं नाही, पण अनिताच्या ध्यानात आलं होतं.

हडपसरला मशीन चालवणारी गौतमी नावाची मुलगी होती, शिरूरकडची. चार तास बाहेर बाकावर बसून राहणारी ही बाई तिनं बरेच दिवस बघितली आणि एक दिवस विचारलं, की तुमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मशीन का नाही? सोजराबाई म्हणाली, आमाला काय ठावं. गौतमी म्हणाली की तुम्ही मागितलं नाही म्हणून नाही. मग तिनं सगळं नीट समजावून सांगितलं. आसपासच्या गावांतले डायलिसिसला जाणारे सगळे शोधायचे. नाव, वय, गाव, कोणत्या वारी जातात ते लिहायचं. कागद एकच, मागणी एकच. तो स्वतः जाऊन आमदाराच्या हातात द्यायचा, अधिवेशनात प्रश्न विचारा म्हणायचं, उत्तर लेखी मागायचं. पोच घ्यायची. पंधरा दिवसांनी परत जायचं, पुन्हा परत जायचं.

"आणि एक सांगते मावशी," गौतमी म्हणाली, "हार नेऊ नका. हार घातला की माणूस फोटोकडं बघतो, कागदाकडं बघत नाही. ते त्यांचं कामच आहे. उपकार नाही."

बाकी सगळं सोजराबाईला पटलं. हाराचं तेवढं पटलं नाही. फुलं पिकवणाऱ्याच्या घरातलं माणूस मोठ्या माणसाच्या दारात रिकाम्या हातानं जातं काय?

माणसं शोधायचं काम मात्र तिनं हाडाची काडं करून केलं. गोकुळच्या सुट्टीच्या दिवशी मागच्या सीटवर बसायचं, एरवी पायी. वस्त्यावस्त्यांवर जाऊन विचारायचं की तुमच्याकडं कोणी पुण्याला रक्त धुवायला जातंय का. कुत्री अंगावर यायची. काही घरांत दार लोटून घ्यायचे, कारण पोरीचं लग्न ठरायचं होतं आणि बापाचं दुखणं झाकून ठेवलं होतं. अशा घरी ती दुसऱ्यांदा जायची, उंबऱ्याबाहेर बसायची आणि स्वतःच्या सुनेचं सांगायची, मग आतलं माणूस हळूहळू बोलायला लागायचं. सोपानराव म्हणून एक सत्तरीचे गृहस्थ होते, कारखान्याच्या संचालक मंडळावर एके काळी राहिलेले. ते आता दोनदाऐवजी एकदाच जात होते, कारण मुलांना वेळ नव्हता. त्यांनी तिला खुर्चीवर बसायला सांगितलं आणि नाव लिहायच्या आधी डोळे पुसले. अनिता घरी बसून यादी लिहायची. मशीन लावतात त्या हातानं वजन उचलायचं नाही, पण पेन चालायचं. नावं भरली वीस. विसावं तिनं स्वतःचं लिहिलं.

उपसरपंच विक्रम त्याच सुमारास वस्तीवर आला. तरणा, हौशी, कामाला धावणारा माणूस. वाईट म्हणावं असं त्याच्यात काही नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं. त्यानं यादी वाचली आणि म्हणाला की काकू, पुढच्या सोमवारी आमदारसाहेबांचा वाढदिवस आहे, तेव्हाच देऊ. पण मागणी म्हणून नको.

"नुसतं मागितलं तर ढिगात पडतंय, काकू. आपण आदीच आभार मानायचं. चौकात मोठा फ्लेक्स लावायचा, डायलिसिस केंद्र मंजूर केल्याबद्दल जाहीर आभार. सगळ्या तालुक्यानं वाचल्यावर साहेबाला करावंच लागतंय. मागं सरकून जाणार कुठं?"

अनिता आतून म्हणाली, "पर मंजूर कुठं झालंय?" विक्रम हसला. म्हणाला, वहिनी, ह्यालाच राजकारण म्हणत्यात.

सोजराबाईनं विचार केला. तिच्या सगळ्या आयुष्यात तिनं कोणाकडं काही मागितलं ते आधी मान देऊन. नवसाचा नारळ आधी बोलायचा असतो. लग्नात रुसलेल्या पाहुण्याला आधी टोपी घालायची असते. पाटाच्या पाण्याची पाळी लवकर हवी तर पाटकऱ्याला आधी चहा. गौतमी शहरात राहून शिकलेली पोर, तिला गावची रीत काय कळणार. अनिता एकदाच म्हणाली, "आत्या, त्या मॅडमनी तसं सांगितलं न्हवतं." त्यावर सोजराबाई फटकन बोलली की तुझ्याचसाठी चाललंय. पुढं कितीतरी महिने सोजराबाईला हे स्वतःचं बोलणं ऐकू यायचं.

फ्लेक्सवर पेशंटचा फोटो पाहिजे होता. इतर एकोणीस घरांतून कोणी द्यायला तयार होईना. अनितानं लग्नातला फोटो दिला, गाल भरलेला, नाकात नथ. खाली छापलं होतं, 'आभारी : सौ. अनिता गोकुळ आणि समस्त रुग्ण परिवार'. हार सोजराबाईनं स्वतः ओवला. पहाटेपासून बसून पाच फुटी हार, पिवळा झेंडू आणि मधे पांढऱ्या शेवंतीचे गोंडे. त्या दिवशी अनिताही तिच्याजवळ बसली आणि एका हातानं फुलं पुढं सारत राहिली.

वाढदिवसाला मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. तीन तास थांबल्यावर त्यांची पाळी आली. आमदारसाहेबांनी मान खाली करून हार घालून घेतला, अनिताकडं बघून तब्येतीला जपा म्हणाले, आणि ते मनापासूनच म्हणाले. कागद त्यांनी घेतला आणि न बघता मागं दिला. फोटोवाल्यानं सगळ्यांना समोर बघायला सांगितलं. सोजराबाई समोर बघत होती. कागद कोणाच्या हातात गेला ते तिनं बघितलं नाही आणि पोच मागायची तर तिला आठवणही राहिली नाही.

पावसाळी अधिवेशन आलं आणि गेलं. गोकुळ मोबाइलवर बातम्या बघायचा. तालुक्याचे रस्ते आले, बिबट्या आला, कांदा आला. डायलिसिस आलं नाही. सोजराबाई म्हणाली, सरकारी काम आणि सहा महिने थांब, येईल. चौकातला फ्लेक्स पावसानं एका कोपऱ्यात फाटला होता, पण अनिताचा चेहरा शाबूत होता. स्टेशनाला जाताना मोटरसायकल दर वेळी त्याच्याखालून जायची. अनिता तिकडं बघत नसे.

मग एक दिवस सोपानरावांचा फोन आला. फ्लेक्स वाचून ते एकटेच एसटीनं तालुक्याच्या दवाखान्यात गेले होते. तिथल्या शिपायानं विचारलं, कसलं मशीन? ते म्हणाले, मंजूर झालंय, चौकात लिहिलंय. सगळी ओपीडी हसली. त्या आठवड्याची हडपसरची पाळी त्यांनी ह्या भरवशावर चुकवली होती. फोनवर ते ओरडले नाहीत. "सोजराबाई," ते म्हणाले, "मी चाळीस वर्सं राजकारण केलं. मलाबी खरं वाटलं वो." एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला.

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात ते हेच. सोजराबाई दुसऱ्या दिवशी एकटीच आमदारांच्या कार्यालयात गेली. तिथं सत्यजीत नावाचा स्वीय सहायक होता, सभ्य मुलगा. त्यानं तिला पाणी दिलं, कॉम्प्युटरवर शोधलं आणि अडचण कुठं आहे ते दाखवलं. अधिवेशनाच्या आधी तालुक्यातल्या मागण्यांची यादी केली तेव्हा डायलिसिसच्या पुढं कोणीतरी 'कार्यवाही पूर्ण' असं टाकलं होतं. पुरावा म्हणून फ्लेक्सचा फोटो जोडला होता. "आजी, तुम्हीच आभार मानलेत," तो म्हणाला. "लाभार्थीनं आभार मानल्यावर आम्ही प्रश्न कसा लावणार?"

स्क्रीनवर अनिता नथ घालून हसत होती. सोजराबाईनं विचारलं की आता काय करायचं. तो म्हणाला, नवीन निवेदन द्या, बघू. पण तिच्या लक्षात आलं होतं की दुसऱ्या कागदानं पहिला पुसला जाणार नाही. जे चारचौघांत खोटं बोललं ते चारचौघांतच मागं घ्यावं लागतं. गावकीचीही तीच रीत होती.

ऑगस्टात जनता दरबार भरला. टोकन घेऊन ती सकाळपासून रांगेत बसली. या वेळी हातात हार नव्हता. पाळी आली आणि माइक कोणीतरी तिच्या तोंडापुढं धरला तेव्हा स्वतःचा आवाज ऐकून ती दचकली.

"सायेब, चौकातल्या फ्लेक्सवर माझ्या सुनंचा फोटू हाय. आमी आभार मानलं ते खोटं व्हतं. मशीन आलं न्हाई. तुमी द्यायच्या आदीच आमी मिळालं म्हणून सांगितलं. चूक आमची हाय, तुमची न्हाई. पर तो कागद बंद केलाय तेवढा उघडा. वीस माणसं हायेत. अधिवेशनात इचारा, आन् उत्तर लिवून आणा."

मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. विक्रमनं तिच्या कोपराला धरून बाजूला ओढायला बघितलं, आणि तिनं त्याचा हात काढून टाकला. साहेबांचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्यांनी सत्यजीतकडून फाइल मागवली, यादी वाचली, पहिल्यांदाच वाचली, आणि वर स्वतःच्या हातानं लिहिलं की हिवाळी अधिवेशनात प्रश्न घ्या. सोजराबाईनं पोच मागितली. शिक्का मारलेला कागद तिनं ब्लाउजमध्ये ठेवला. परत येताना तिला एसटीत बसायला जागा मिळाली नाही, पण कित्येक महिन्यांत तिला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

त्या हलकेपणाची किंमत पडलीच. विक्रमनं बोलणं टाकलं. मार्केटयार्डात जाणारा त्याचा टेम्पो तिच्या वस्तीपाशी थांबेना, आणि ती क्रेट डोक्यावर घेऊन हायवेपर्यंत चालू लागली. अनिता दारात बसून बघायची. एकदा म्हणाली, "आत्या, लई त्रास झाला तुमाला माझ्यापायी." सोजराबाईनं तिच्याकडं न बघता उत्तर दिलं की डिसेंबरात प्रश्न लागतोय, तवर दम धर.

डिसेंबर लांब होता. सप्टेंबरच्या शेवटी परतीचा पाऊस असा कोसळला की ओढ्याला कमरेइतकं पाणी आलं आणि स्टेशनाचा रस्ता दोन दिवस बंद पडला. शुक्रवारची पाळी चुकली. शनिवारीही पाणी उतरेना. गौतमीला फोन लावला तर ती म्हणाली, काहीही करा पण आणा. रविवारी दुपारी शेजारच्यांचा पिकअप कसाबसा ओढ्यातून निघाला. गोकुळ ड्युटीवर अडकला होता. मागच्या हौद्यात गोधडी टाकून सोजराबाई सुनेचं डोकं मांडीवर घेऊन बसली. अनिताला सपाट झोपता येत नव्हतं, छातीत पाणी भरलं होतं, श्वास घुरघुरत होता. हायवेला लागल्यावर ती म्हणाली, "आत्या, आता तरी पानी द्या."

बाटली सोजराबाईच्या पिशवीत होती. पण डॉक्टरांनी सांगितलं होतं, पाणी म्हणजे विष. ती म्हणाली, हडपसरला गेल्यावर देते, पोरी. अनितानं तिचा पदर धरून ठेवला. उरुळीच्या अलीकडं पदरावरची पकड सुटली. पिकअप तसाच भरधाव पुढं जात राहिला.

माणूस मेल्यावर त्याला दोन घोट पाणी न दिल्याचं दुःख कोणत्या तराजूत घालायचं? लोक म्हणाले, तू योग्यच केलंस. गौतमीही म्हणाली. सोजराबाई ऐकून घ्यायची. मग घरात जाऊन तांब्याकडं बघत बसायची.

दसऱ्याचा झेंडू ऐन तोडणीला आला होता आणि घरात सुतक. सुतकातल्या हाताची फुलं देवाला चालत नाहीत, म्हणून तिनं वावर शेजाऱ्याला तोडायला दिलं आणि बांधावर बसून राहिली. एवढा झेंडू तिच्या शेतात कधी आला नव्हता. दिवस झाले. गोकुळनं रात्रपाळी मागून घेतली. दिवसा घर जागं असतं, ते त्याला सोसत नव्हतं. सकाळी यायचा, दोन घास खायचा आणि तोंडावर पांघरूण घेऊन झोपायचा. आईशी तो भांडला नाही, बोललाही नाही. फ्लेक्स नसता लावला तर पावसाळ्यातच प्रश्न लागला असता, हे दोघांनाही कळत होतं. लागून मशीन आलंच असतं असं नाही. पण आलंच नसतं असंही कोणाला म्हणता येत नव्हतं.

डिसेंबरात नागपूरला प्रश्न विचारला गेला. उत्तर लेखी आलं. मागणी तपासून, प्रत्यक्ष रुग्णसंख्येची खात्री करून निर्णय घेण्यात येईल. सत्यजीतनं स्वतः फोन करून वाचून दाखवलं आणि शेवटी विचारलं की वहिनींची तब्येत कशी आहे. सोजराबाईला वाटलं होतं, गाव बोलतं तसं अनिता गेल्याचंही तिथवर पोचलं असेल. ती नुसतं बरं म्हणाली. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण काय बोललो, पण परत फोन लावायला तिला येत नव्हतं.

जानेवारीतल्या एका मंगळवारी दुपारी एक स्कूटर वस्तीवर आली. डॉक्टर ज्ञानेश्वरी, आरोग्य खात्याकडून तपासणीला आलेली, तिशीच्या आतली मुलगी. दोन दिवस ती यादी घेऊन गावोगाव फिरत होती. तोंड धुळीनं माखलं होतं. सोजराबाई अंगणात पत्र्याखाली शेवंतीच्या जुड्या बांधत होती. तिनं चटई टाकली, चहा ठेवला. घरात गोकुळ झोपला होता, त्याच्या डोक्याशी भिंतीवर अनिताचा फोटो होता, त्याला हार. दार लोटलेलं होतं.

चहा पिताना डॉक्टर मोकळेपणानं बोलली. एकोणीस घरं झाली, एकोणीसही माणसं भेटली, सगळी खरी निघाली. "इतकी अचूक यादी मी पाहिली नाही, मावशी," ती म्हणाली. सोपानराव आता उठूही शकत नाहीत, त्यांनी पडल्या पडल्या सही केली. हे शेवटचं घर. वरून सांगितलंय की वीस पक्के असतील तरच चार मशीनचा प्रस्ताव पुढं जाईल. एक जरी कमी भरला तरी मशीन दुसरीकडं वळवतील, शेजारच्या तालुक्याचाही अर्ज आहे. तिनं बोट ठेवून वाचलं. "अनिता गोकुळ, वय एकतीस. मंगळवार, शुक्रवार." मग ती मान वर करून म्हणाली, "अरे, आज मंगळवारच की. म्हणजे त्या पुण्याला गेल्या असतील."

सोजराबाईच्या हातात दोऱ्याचं टोक होतं. खोट्यानं काय होतं ते तिच्याइतकं ह्या तालुक्यात कोणाला कळलं नव्हतं. भर मांडवात माइकवर तिनं कबूल केलं होतं. तिनं तोंड उघडलं ते खरं सांगायलाच. आणि तिला सोपानराव दिसले, खाटेवर पडल्या पडल्या सही करणारे. वस्त्यांवरची ती दारं दिसली, उंबऱ्याबाहेर बसून तिनं उघडायला लावलेली. त्यांना तिनं सांगितलं होतं की नाव द्या, मशीन येईल. एकोणीस माणसं. उद्या ओढ्याला पुन्हा पाणी येईल, आणि कोणाच्या तरी मांडीवर कोणाचं तरी डोकं असेल.

"व्हय," ती म्हणाली. "पुण्याला गेलीया. सांजच्या गाडीनं येईल."

तिचा आवाज जराही हलला नाही, आणि त्याचीच तिला भीती वाटली. डॉक्टरनं मान हलवली. म्हणाली, मग सही तुम्हीच करा घरच्या म्हणून, मला अजून लांब परत जायचंय. सोजराबाईनं पेन घेतलं. तिला सही येत होती, अनितानंच शिकवली होती गाडीत, वर्तमानपत्राच्या कडेला. तिनं सावकाश अक्षर जुळवून सही केली. डॉक्टरनं खाली आकडा घातला, वीस, आणि फाइल बंद केली.

तेवढ्यात आतलं दार वाजलं. गोकुळ बाहेर आला. डोळे मिटलेलेच, गालावर गोधडीचे वळ, शर्टाची बटणं उलटीसुलटी. रात्रपाळीच्या झोपेत त्याच्या कानावर फक्त आईचा आवाज पडला होता, गाडीनं येईल. त्यानं अंगणातल्या पाहुणीकडं बघितलंही नाही. खांबावरच्या खिळ्याची किल्ली घेतली, पायानं चपला शोधल्या आणि मोटरसायकलकडं चालू लागला.

"किती वाजलं आये? गाडी आली आसल. उशीर झाला तर ती पायरीवर बसून ऱ्हाती."

डॉक्टर कौतुकानं हसली आणि स्कूटर सुरू करून निघून गेली. गोकुळनं किल्ली लावली, किक मारायला पाय उचलला आणि तसाच थांबला. मोटरसायकल सुरू झाली नाही. त्यानं वळून आईकडं बघितलं. आता त्याचे डोळे पूर्ण उघडे होते.